ठेवायला दिलेला ताप

मॅडमनी टेबलावर दोन फोटो ठेवले आणि खुर्ची मागे सरकवून त्या उभ्याच राहिल्या.

"दोनाडकरबाई, हा पहिला पाहा. नदीअलीकडच्या गावांचा."

काळ्या कागदावर पांढऱ्या आडव्या रेघा होत्या. कुठे एक वर, कुठे एक खाली, कुठे एकाखाली एक तीन. पोरांनी खेळताना काड्या फेकाव्यात तशा.

"आता हा. तुमचा इरुकटोला."

दुसऱ्या फोटोत बावीस रेघा होत्या आणि बावीसही एकाच उंचीवर. पट्टी धरून ओढल्यासारख्या. मी फोटो जवळ घेतला, दूर धरला, उलटा करून पाठ पाहिली. पाठीवर प्रयोगशाळेनं गावाचं नाव लिहिलं होतं.

"बावीस पोरं आणि सगळ्यांत एकच जंतू," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगा, किती बोटं टोचली?"

"गावातल्या चाळीस पोरांची. त्यातल्या बावीस जणांत जंतू निघाला, असं तुम्हीच म्हणालात."

"माझ्याकडे पाहून सांगा."

मी पाहिलं. सांगितलं. आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला.

डॉ. हेमांगी केळुस्कर शहरातून आलेल्या. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण कामात अशी चोख बाई मी पाहिली नाही. हिवतापाच्या एका नव्या लसीची चाचणी गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात करायची की नाही, हे ठरवण्याआधी इथल्या पोरांच्या रक्तात कोणत्या जातीचे जंतू फिरतात ते त्यांना पाहायचं होतं. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला समजावलं होतं ते अजून लक्षात आहे. म्हणाल्या, लस म्हणजे रक्तातल्या शिपायाला दाखवलेला चोराचा फोटो. पण हा चोर बहुरूपी आहे. एका गावात पाच चेहरे, एकाच पोराच्या अंगात तीन. फोटो एकाचा असला तर शिपाई बाकीच्यांना रामराम करून आत सोडतो. म्हणून गावागावांतून पोरांचं बोट टोचायचं, रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवायचा, खाली नाव लिहायचं. प्रयोगशाळेत त्या थेंबातल्या जंतूचा एक तुकडा वाढवून जेलीत पळवतात. जसा चेहरा तशी लांबी, जशी लांबी तशी रेघेची उंची.

म्हणजे इरुकटोल्यात चोर एकच होता. किंवा मग रक्त एकाच माणसाचं होतं, आणि मी सावलीत बसून चाळीस नावं खरडली होती.

असं खोटं कसं करतात हे मला माहीत होतं. प्रकल्पात येण्याआधी मी त्याच भागात उपकेंद्राची नर्स होते. महिन्याला इतक्या काचांवर रक्तनमुने आलेच पाहिजेत, असं उद्दिष्ट वरून यायचं आणि जंगलात माणूस सापडायचा नाही. त्यावरचे उपाय सगळ्यांना ठाऊक होते, कोणी बोलायचं नाही. म्हणूनच मॅडमच्या नजरेला नजर देताना मला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं. पण या वेळी मी चोरी केली नव्हती, देवाशपथ केली नव्हती.

"माणसाचं रक्त वेगळं आहे का, ते तपासा ना," मी म्हणाले.

"ती परवानगी प्रकल्पाला नाही. फक्त जंतू तपासायचा."

"मग चला माझ्यासोबत. तुम्ही टोचा. मी हात लावत नाही."

मॅडमनी फोटो पाकिटात भरले. "जाऊ. पण नव्या नमुन्यांत वेगळ्या रेघा निघाल्या, तर या कामावर तुमचा तो शेवटचा दिवस. आणि मी पत्रही लिहीन, म्हणजे पुन्हा कुठे कुणाचं रक्त घेता येणार नाही तुम्हाला."

नवरा गेल्यापासून रक्त घेणं एवढं एकच मला येत होतं. मी बरं म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

भाताची कापणी चालू होती. जीप नदीपर्यंत गेली. पुढे गुडघाभर पाण्यातून आणि मग दीड तास पायी. इरुकटोल्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तीस-बत्तीस घरांचा टोला, मोठी माणसं शेतावर, आणि पोरं शाळेच्या पडवीत बसलेली. कोणी धावत आलं नाही, कोणी पळालंही नाही.

मॅडमनी स्वतः हातमोजे चढवले. मी चार हात लांब, हाताची घडी घालून उभी. इतर गावांत सुई दिसली की पोरं किंचाळतात, आयांच्या पदराआड शिरतात, एकदा एकानं माझा हात चावला होता. इथे पोरं आपण होऊन रांगेत आली. पहिल्यानं डावा हात पुढे केला, तिसरं बोट वेगळं धरलं, आणि सुई टोचताक्षणी स्वतःचं नाव मोठ्यानं म्हटलं.

"वड्डे."

दुसरी आली. बोट पुढे, सुई, नाव. "मासे."

तिसरा. चौथी. रडणं नाही, हुं का चूं नाही. टोच आणि नाव, टोच आणि नाव. पडवीत दुसरा आवाज नव्हता.

"किती शिस्त आहे यांना," मॅडम हळूच म्हणाल्या. "तुम्ही शिकवलीत का?"

"मी नाही."

सप्टेंबरात मी आले तेव्हाही पोरांनी असंच केलं होतं. तेव्हा मला बरंच वाटलं होतं, नाव विचारायचे कष्ट वाचले म्हणून. आज लांबून पाहताना मात्र अंगावर काटा आला. का आला ते सांगता आलं नसतं.

शेवटी सुमरी आली, तिशीची बाई, कडेवर पाच वर्षांची पोर. पोर अशी लोंबत होती की आधी मला वाटलं झोपली आहे.

"जैनी नाव हाये," सुमरी म्हणाली. "परवापासून गजब ताप हाये वो बाई. काल नुसती थरथरे."

मॅडमनी टोचलं. जैनीचे ओठ हलले, आवाज आला नाही. तेव्हा सुमरीनं तिच्या वतीनं मोठ्यानं नाव घेतलं, चूक राहू नये तसं घाईघाईनं. झटपट तपासणीच्या पट्टीवर खूण लगेच उमटली. मॅडमनी वजन करून गोळ्या दिल्या, पोरीनं ओकून टाकल्या, पुन्हा दिल्या, त्या राहिल्या.

"आज आम्ही इथेच शाळेत राहतो," मॅडम सुमरीला म्हणाल्या. "सकाळी दुसरी मात्रा. जास्त वाटलं तर लगेच उठवा."

सुमरीनं मान हलवली. पण ती घराकडे वळली नाही. दिवस मावळत होता, आणि ती पोरीला घेऊन टोल्याच्या टोकाच्या झोपडीकडे निघाली.

"तिकडे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

त्या झोपडीकडे मी सप्टेंबरात गेले नव्हते. मुद्दाम गेले नव्हते. "एक म्हातारा राहतो," मी म्हणाले. "रैनू त्याचं नाव."

"चला पाहू."

झोपडीपुढे बाज होती आणि बाजेवर रैनू. साठीचा असेल, अंगानं काटक, कमरेला पंचा, वर उघडा. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चिंध्या बांधलेल्या. लुगड्यांच्या काठांच्या चिंध्या, लाल, हिरव्या, काही विटून मातकट झालेल्या. सुमरीनं जैनीला त्याच्या कुशीत ठेवलं, स्वतःच्या पदराचा काठ दातांनी फाडला आणि एक चिंधी त्याच्या हातावर बांधली. बांधताना पोरीचं नाव घेतलं. रैनूनं ते नाव परत म्हटलं. मग तो हलायचा थांबला. इतका थांबला की श्वास चालू आहे का, ते पाहावं लागलं.

"काय करतायत?" मॅडम कुजबुजल्या.

सुमरीनं सांगितलं. "ताप ठेवतो ना वो. रैनूदादाले ताप येतच नाही. पोराचा ताप त्याच्याकडं ठेवला का पोरगं मोकळं होते."

"दर वेळी?"

"कोनाचा राहते, कोनाचा नाही राहत." तिनं झोपडीच्या खांबाकडे पाहिलं. खांबालाही चिंध्या होत्या. मी मोजल्या. पाच. त्यांचं काय झालं ते विचारायची गरज नव्हती.

अंधारून येत होतं. रैनूच्या उघड्या दंडावर एक डास बसला होता, मागचा भाग वर करून, डोकं खाली खुपसून. हिवतापाचा डास असाच बसतो. त्याच्या शेजारी आणखी एक. रैनू त्यांना मारत नव्हता. आपण हललो तर ताप यायचा थांबेल, असं त्याला वाटत असावं. एक डास पोट भरून जड होऊन उठला आणि झोपडीच्या कुडावर जाऊन बसला.

मॅडमनी माझा दंड धरला. त्यांची बोटं गार होती. "कधीच ताप येत नाही," त्या म्हणाल्या. "आणि गावातलं प्रत्येक आजारी पोर, आज ना उद्या, संध्याकाळी इथे. बाई, एकच चेहरा आहे. सगळा गाव एकाच माणसाकडून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्यांना विचारा, ही रीत कधीपासूनची? आसपासच्या कुठल्याच गावात मी ऐकली नाही."

रैनूला मराठी येत नाही. त्यांची भाषा मी उपकेंद्रावर असताना शिकले होते. मी दोन पावलं पुढे गेले. जाता जाता मॅडमना मी म्हटलंही, की जंगलातली माणसं आहेत, यांच्या शंभर रिती, असेल वाडवडलांपासूनची. आणि मग त्याला विचारलं.

रैनूनं मान वळवली. मला ओळखून हसला.

"बाई, तू होय? फार दिवसांनी आलीस," तो म्हणाला. "रीत कधीपासूनची ते मला विचारतेस? तूच तर लावलीस."

तो तसाच पुढे बोलत राहिला.

"मोहफुलं वेचायला सगळा टोला जंगलात गेला होता. माझ्या पायावर कुऱ्हाड पडली होती म्हणून मी घरी. तू आलीस. इथेच बसलीस. एकेका पोराचं नाव घेतलंस आणि माझ्या बोटातून रक्त काढलंस. बारा पोरं, बारा थेंब. मला बिड्या दिल्यास. त्या पावसाळ्यात मला असा ताप आला की मी मरता मरता वाचलो. आणि पोरांना कोणाला आला नाही. तेव्हा गावाला कळलं, बाईनं पोरांचा ताप माझ्यात ठेवून दिला." त्यानं अंगठ्यानं चिंध्या चाचपल्या. "ती बारा नावं मला अजून पाठ आहेत. कोसा, मुरी, चैते, बिर्जू..."

तो म्हणत गेला. त्याच क्रमानं. माझ्या नोंदवहीच्या क्रमानं.

एप्रिलची अखेर होती, सहा वर्षांपूर्वीची. महिन्याच्या उद्दिष्टाला बारा काचा कमी पडत होत्या. गावात चिटपाखरू नव्हतं, आणि उद्या वर जाब द्यायचा होता. रैनूच म्हणाला होता, माझंच घे, मला रक्ताला तोटा नाही. मी घेतलं. वहीतलं एकेक नाव घोटाळा होऊ नये म्हणून मोठ्यानं वाचत, काचेवर लिहीत गेले. बाराही काचा निर्दोष म्हणून परत आल्या. तपासणाऱ्यानं किती वेळ पाहिल्या असतील देव जाणे, शेकड्यानं ढीग असायचा त्याच्यापुढे. इरुकटोला स्वच्छ गावांच्या यादीत गेला. स्वच्छ गावात फवारणी उशिरा येते, कधी येतही नाही.

"काय म्हणाले?" मॅडमनी विचारलं.

तोंडात जीभ होती, शब्द होते. "फार जुनी आहे म्हणाले," मी म्हणाले. "आजोबा-पणजोबांपासूनची."

शाळेत सतरंजी अंथरून आम्ही पडलो. मॅडम झोपल्या. मी बारा नावं म्हणत होते. त्यातली किती खांबाला होती, ते मला पाहायचं नव्हतं.

सकाळी जैनी उठून बसली होती. ताप उतरला होता. गोळीनं उतरला, पण सुमरी रैनूपुढे भाताची टोपली ठेवून वाकून नमस्कार करून आली. मॅडमना ते दिसलं.

सूक्ष्मदर्शक आम्ही डोक्यावरून वाहून आणला होता. रैनूनं बोट आनंदानं दिलं, तिसरं, डावं. काच वाळली, रंगवली. पडवीत उन्हाकडे आरसा करून मॅडम बसल्या आणि बराच वेळ डोळा लावून राहिल्या. मग बाजूला झाल्या. "पाहा."

मी पाहिलं. गुलाबी पाण्यात चंद्रकोरीसारखा एक बारीक जांभळा आकार. शेजारी दुसरा. हिवतापाच्या जंतूचं हे रूप माणसाला ताप आणत नाही. ते फक्त डासाची वाट पाहत रक्तात फिरत राहतं.

"वर्षानुवर्षं असणार," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्याकडून पोरांत, पोरांकडून परत त्यांच्यात. बाहेरचं इथे कोणी येत नाही, म्हणून दुसरा चेहराही येत नाही. आणि आपल्या लसीच्या फोटोत हा चेहरा नाहीच. उद्या लस आणून टोचली असती, तर आपण म्हणालो असतो की पोरं सुरक्षित आहेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही खरं बोलत होतात. चाळीस बोटं टोचली होती. माझी चूक झाली. मला माफ करा."

एवढी मोठी बाई माझी माफी मागत होती. तिथेच थांबावं, असं वाटलं. माझं काम वाचलं होतं, नाव वाचलं होतं.

मॅडमनी गोळ्या काढल्या, पाणी घेतलं आणि रैनूपुढे धरलं. "त्यांना सांगा, या घेतल्या की रक्तातला जंतू मरेल. मग पोरांना ताप येणार नाही."

मी सांगितलं. रैनूनं गोळ्या पाहिल्या आणि हात मागे घेतला.

"नाही म्हणतात," मी म्हणाले.

"का?"

मी त्याला का ते विचारलं. तो शांतपणे बोलला, लहान मुलाला समजावावं तसं. "हा ताप माझा नाही. माझ्याकडे ठेवायला दिलाय. मी तो मारून टाकला आणि तो माझ्यातून सुटून पोरांवर गेला तर? ज्यानं ठेवला त्यानं न्यावा. मग तुम्ही म्हणाल ते मी खाईन."

आणि तो माझ्याकडे पाहत राहिला. सुमरी पाहत होती. कापणीला जायला निघालेली माणसं विळे हातात घेऊन थांबली होती. पोरंही होती. त्यांनाही माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त मॅडमना नाही.

"काय म्हणाले?"

देवानं ठेवलाय म्हणाले, असं सांगता आलं असतं. मॅडमनी मान हलवली असती, समजूत घालून पाहिली असती, आणि आम्ही नदी ओलांडून परत गेलो असतो. संध्याकाळी कोणीतरी पोर घेऊन इथे आलं असतं.

"ज्यानं ठेवला त्यानं न्यावा, म्हणतात," मी म्हणाले. "मी ठेवला, मॅडम. सहा वर्षांपूर्वी याच बाजेवर बसून. बारा पोरांच्या नावानं यांच्या एकट्याचं रक्त काचांवर घेतलं आणि पाठवून दिलं. नावं मोठ्यानं वाचली. रीत वाडवडलांची नाही. माझी आहे. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मॅडमचा चेहरा हळूहळू पुसला जावा तसा झाला. त्यांनी गोळ्या परत कागदात गुंडाळल्या. खांबाकडे पाहिलं. पाचही चिंध्यांकडे पाहिलं. रागानं काही बोलतील म्हणून मी थांबले, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग काढून घ्या," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या पेटीतून सुया आणि गाळणकागद काढला. रैनूसमोर जमिनीवर बसले. स्वतःचाच डावा हात पुढे केला, तिसरं बोट वेगळं धरलं आणि टोचलं.

"कोसा," मी मोठ्यानं म्हटलं.

थेंब कागदावर पडला. त्याखाली मी नाव लिहिलं. रैनूनं ते नाव परत म्हटलं, आपल्या हातावरची एक चिंधी सोडली आणि माझ्या मनगटावर बांधली.

"मुरी."

ज्या खोटेपणाबद्दल मला हाकलणार होते, तोच मी मॅडमच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच कागदावर करत होते. बारापर्यंत नावं मला पाठ होती. पुढची रैनू सांगत गेला. सहा वर्षांत जन्मलेली पोरं होती, दोनदा-तीनदा तापलेली होती, प्रत्येक तापाची चिंधी वेगळी. बोटं बदलत गेले. दहाही संपली तशी पुन्हा पहिल्यावर आले. जैनीचं नाव आलं तेव्हा ती आईच्या कमरेला धरून टक लावून पाहत होती. मॅडम उन्हात उभ्या होत्या, टोपी हातात, आणि एका शब्दानं त्यांनी मला थांबवलं नाही.

हातावरच्या चिंध्या संपल्या. रैनू उठला, लंगडत खांबाकडे गेला आणि तिथल्या चिंध्या सोडू लागला.

"त्यांचा कशाला?" मी विचारलं. "ते गेले ना."

"ते गेले," रैनू म्हणाला. "त्यांचा ताप कुठे जाईल? तोही ने. तो जास्त जड आहे."

पाचांतली तीन नावं माझ्या बारांतली होती. चैते त्यांतली एक. मी ती घेतली, तिन्ही, मग उरलेली दोन. चैतेच्या वेळी थेंब लवकर येईना, बोट दाबून दाबून काढावा लागला.

मग रैनूनं हात पसरला, मॅडमकडून गोळ्या घेतल्या आणि पाण्याबरोबर गिळल्या. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवली. मॅडमनी मान डोलवली. विळे घेतलेली माणसं शेताकडे गेली.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. नदीत उतरताना मॅडमनी मला हात दिला, एवढंच. पुढे रैनूच्या रक्ताचीही रेघ आली, तेविसावी, त्याच उंचीवर. ती लस त्या भागात आली नाही. मॅडमनी अहवालात जे घडलं ते लिहिलं, माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या काचांसकट, आणि महिनाअखेर माझं काम संपलं. त्यांचा मला राग नाही. निघताना त्यांनी तो गाळणकागद माझ्या हातात दिला. "हा माझ्या नोंदीत बसत नाही," म्हणाल्या. तो आणि चिंध्या मी लोखंडी कपाटात ठेवल्या आहेत. आता मी वडशाला माझ्या भावाकडे असते, शिवणकाम करते.

दर वर्षी दिवाळीनंतर मी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेते. तिथली मुलगी आता ओळखते. "मावशी, काही नाही निघालं. ताप येतो का?" विचारते. नाही म्हटलं की हसते. "मग कशाला टोचून घेता?" मी तिला दोन काचा घ्यायला लावते आणि सावकाश पाहा म्हणते. रैनूच्याही बारा काचा स्वच्छच आल्या होत्या.

जैनी आता तेवीस वर्षांची आहे. तिथली आशा कार्यकर्ती तीच. तिच्याकडे पट्ट्या असतात, गोळ्या असतात, मच्छरदाण्या वाटते, आणि कोणाला ताप आला तर त्याच दिवशी गोळी देते. हुशार पोर आहे. रैनू चार वर्षांपूर्वी म्हातारपणानं गेला, तेही तिनंच कळवलं. टोल्यात आता ताप क्वचितच येतो. पण येतो तेव्हा, गोळी दिल्यावर ती टेकडीवर चढते, जिथे मोबाईल लागतो, आणि मला फोन करते.

"बाई, सोनूले ताप हाये. गोळी देल्ली."

"बरं केलंस."

मग ती थांबते. पलीकडे वारा ऐकू येतो. ती पोराचं नाव पुन्हा एकदा, मोठ्यानं, सावकाश घेते, आणि वाट पाहते. पहिल्या वेळी मी तिला रागावले होते. ती काही बोलली नाही, फोनही ठेवला नाही, नुसती थांबून राहिली. आता मी नाव परत म्हणते, आणि सांगते, "ठेवला."

"तुमाले बरं हाये ना, बाई?"

बरंच आहे. अठरा वर्षं झाली. मला एकदाही ताप आलेला नाही.